मुंबईत बांधलेली 'त्रिंकोमाली' आणि तिला सांभाळणारं हार्टलपूल

टीसकाठ (धागाकर्ता)

मुंबईच्या गोदीत बांधलेलं आणि आजही पाण्यावर तरंगणारं दोनशे वर्षांपूर्वीचं लढाऊ जहाज पाहायचं असेल, तर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला यावं लागतं. मी इथून जवळच, मिडल्सब्रोला राहतो. जहाजाचं नाव 'एचएमएस त्रिंकोमाली'. तिच्याभोवती उभं राहिलेलं संग्रहालय २०१६ पासून ब्रिटिश नौदलाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. तिथल्या घडामोडी मी बरेच दिवस जवळून पाहतोय आणि मराठीत त्यावर फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा.

आधी जहाजाबद्दल. नेपोलियनशी चाललेल्या लांबलचक युद्धात इंग्लंडमधला ओक संपत आला होता. मुंबईत मात्र मलबारचा साग होता, आणि वाडिया घराण्याचे निष्णात जहाजबांधणीकार होते. जमशेटजी बमनजी वाडिया तेव्हा गोदीचे मुख्य कारागीर. २५ एप्रिल १८१६ ला त्यांच्या देखरेखीखाली हिचा कणा बसवला. पारशी रिवाजाप्रमाणे त्या वेळी कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं.

खरं तर काम याच्याही आधी सुरू व्हायचं होतं. जहाजाचे आराखडे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या शिडांच्या युद्धनौकेवर, मुंबईला निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'यूएसएस कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकन जहाजाने 'जावा'ला हरवलं आणि आराखडे गेले. ते नव्याने पाठवावे लागले.

१८१९ मध्ये ती पोर्ट्स्मथला पोचली तोवर युद्ध संपून चार वर्षं झाली होती. नवीकोरी फ्रिगेट पंचवीसेक वर्षं नुसती बांधून ठेवली. १८४५ नंतर तोफा कमी करून, पण जास्त वजनदार बसवून तिचं कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटच्या खालच्या दर्जाचं लढाऊ जहाज, केलं. मग दोन मोठ्या फेऱ्या झाल्या: १८४७ ते १८५० उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज, १८५२ ते १८५७ पॅसिफिक. तिचं शिडांचं आयुष्य एवढंच. पुढे ती नौदलाच्या राखीव जवानांची कवायतीची जागा झाली, आणि त्यातली १८६२ ते १८७७ ही वर्षं तिने याच हार्टलपूलमध्ये काढली.

१८९७ मध्ये ती भंगारात विकली गेली होती. त्याच वर्षी जून महिन्यात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर 'फूद्रॉयां' हे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं जुनं जहाज वादळात फुटलं. ते जहाज जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी घेतलेलं होतं. आता त्यांना दुसरं जहाज हवं होतं. त्यांनी भंगारातून 'त्रिंकोमाली' सोडवली आणि तिलाच 'फूद्रॉयां' नाव दिलं. त्या नावाने ती आधी फॅल्मथला आणि मग पोर्ट्स्मथला पोरांना समुद्र शिकवत राहिली, थेट १९८६ पर्यंत.

१९८७ मध्ये ती हार्टलपूलला परत आली. या गावातली शेवटची जहाजगोदी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली होती. पण १९७९ पासून इथे 'एचएमएस वॉरियर' या लोखंडी युद्धनौकेचं पुनरुज्जीवन चाललं होतं. 'वॉरियर' जून १९८७ मध्ये पोर्ट्स्मथला गेली आणि पुढच्याच महिन्यात 'त्रिंकोमाली' आली. म्हणजे जुन्या जहाजांवर हात बसलेली माणसं गावात होती, त्यांना पुढचं काम मिळालं. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं डागडुजी चालली. खर्च एक कोटी पौंडांच्या पुढे गेला, त्यातला मोठा वाटा लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या वारसा निधीने उचलला. १९९२ मध्ये मूळ नाव परत दिलं. आजच्या जहाजातलं निम्म्याहून बरंच जास्त लाकूड मुंबईत बसवलेलंच आहे.

आता संग्रहालय. जहाज एका जुन्या गोदीत पाणी भरून तरंगतं ठेवलंय. भोवती अठराव्या शतकातल्या बंदराचा देखावा उभा केलाय: तलवारी बनवणाऱ्याचं दुकान, शिंप्याचं दुकान, जहाजाची उपकरणं विकणाऱ्याचं दुकान. सुट्ट्यांमध्ये त्या काळच्या वेशातली माणसं तोफ आणि बंदूक डागून दाखवतात. दुसऱ्या महायुद्धातली आरएमएल ४९७ ही बचाव-लाँचही आता या संग्रहाचा भाग आहे. आणि जुलै २०२३ मध्ये शिडांच्या मोठ्या जहाजांची आंतरराष्ट्रीय शर्यत हार्टलपूलला आली होती, तेव्हा जगभरातून आलेल्या डोलकाठ्यांच्या गर्दीत आपली मुंबईकरीण यजमान म्हणून उभी होती. मला फार अभिमान वाटला, आणि तो लपवावासाही वाटला नाही.

मला चर्चा हवी आहे ती यावर. एक मुंबईत जन्मलेलं जहाज दोनशे वर्षांत तीनदा तरी संपता संपता वाचलं. दुसरं, आपली विमानवाहू नौका 'विक्रांत', मुंबईतच संग्रहालय झालं आणि मुंबईतच दारूखाना या जहाजं तोडण्याच्या जागी कापलं गेलं. काय वेगळं घडलं? ज्यांनी 'विक्रांत' आतून पाहिली आहे त्यांनी जरूर लिहा.

इतिहासवेडा

उत्तम धागा. एक दुवा जोडतो, मराठी वाचकांना जवळचा आहे.

ज्या 'जावा'वर हे आराखडे होते, तिच्यावर एक बडा प्रवासीही होता: लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती म्हणून त्याची नेमणूक झाली होती आणि तो इकडेच येत होता. अमेरिकनांनी त्याला पकडलं आणि नंतर पॅरोलवर सोडलं. हाच हिस्लॉप पुढे मद्रासचा सरसेनापती झाला आणि २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेपुढे उभा ठाकला.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. १२ ऑक्टोबर १८१७ ला 'त्रिंकोमाली' मुंबईत पाण्यात उतरते. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई. डिसेंबरात महिदपूर. पेशवाई बुडत होती त्याच हंगामात मुंबईच्या गोदीत इंग्रजांच्या आरमारासाठी देशी कारागीर इतकी पक्की जहाजं बांधत होते. या जहाजाचा अभिमान मलाही वाटतो, पण हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच.

चार्ल्सटाउनकर

'जावा'ची गोष्ट निघाली म्हणून बॉस्टनहून लिहिते. तिला हरवणारी 'कॉन्स्टिट्यूशन' माझ्या घरापासून चालण्याच्या अंतरावर उभी असते. १७९७ मध्ये पाण्यात उतरलेली, आणि आजही अमेरिकन नौदलाच्या सेवेत. म्हणजे कागदोपत्री मानाची नाही, खरोखर सेवेत: जहाजावर भेटणारे खलाशी नौदलाचे कार्यरत जवान असतात.

त्या लढाईत 'कॉन्स्टिट्यूशन'चं सुकाणूचक्र गोळ्याने उडालं होतं. 'जावा' इतकी मोडली होती की तिला ओढत नेण्यात अर्थ नव्हता. अमेरिकनांनी तिचं चक्र काढून आपल्या जहाजाला लावलं आणि 'जावा' पेटवून दिली. मुंबईसाठी निघालेलं तांब्याच्या पत्र्यांचं सामानही तिच्याबरोबर गेलं.

इथली व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. जहाज नौदलाचं. शेजारचं संग्रहालय स्वतंत्र, ना-नफा संस्थेचं, १९७६ मध्ये उघडलेलं. जहाज नौदल दुरुस्त करतं; प्रदर्शनं, मुलांचे कार्यक्रम, अभ्यासकांना कागदपत्रं, हे सगळं संग्रहालय बघतं. एकाची तिजोरी आटली म्हणून दुसऱ्याचं काम थांबत नाही. २०१५ ते २०१७ जहाज सुक्या गोदीत होतं, तेव्हाही लोक येत राहिले, उलट पाण्याखालचा भाग बघायला मिळतो म्हणून आले.

दोन गोष्टी मला विशेष वाटतात. इंडियाना राज्यात, समुद्रापासून शेकडो मैल दूर, नौदलाच्या क्रेन इथल्या तळावर या जहाजासाठी पांढऱ्या ओकची झाडं राखून ठेवली आहेत. पुढच्या दुरुस्तीला लागणारं लाकूड आज उभं आहे. आणि १९२० च्या दशकात जहाज मोडकळीला आलं तेव्हा शाळेतल्या मुलांनी पैसा-पैसा गोळा केला होता. दुरुस्ती झाल्यावर १९३१ ते १९३४ हे जहाज देशातल्या बंदराबंदरांत फिरवलं, ज्यांनी पैसे दिले त्यांना बघता यावं म्हणून.

दरवर्षी ४ जुलैला तिला बंदरात फिरवून आणतात आणि तोफांची सलामी होते. बॉस्टनला येणाऱ्यांनी तारीख जुळवावी.

गोदीतला_निवृत्त

मी मुंबईच्या नौदल गोदीत फिटर म्हणून नोकरी केली. 'विक्रांत'बद्दल विचारलंय म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

आधी आमच्या गोदीबद्दल. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले. १७५० मध्ये इथे सुकी गोदी झाली, आशियातली पहिली म्हणतात. मग डंकन गोदी, १८१० च्या सुमाराची. या दगडी गोद्या आजही वापरात आहेत. त्यांच्या पायऱ्यांवर बसून मी डबा खाल्लाय. याच आवारातून 'मिंडेन' गेली, 'कॉर्नवॉलिस' गेली, जिच्यावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. 'एशिया' गेली, जी १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती कॉड्रिंग्टनचं मुख्य जहाज होती. बांधणाऱ्यांपैकी वाडियांची नावं राहिली, ती राहायलाच हवीत. पण करवत धरणारे, भोकं पाडणारे, फटी भरणारे शेकडो हात होते, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

आता 'विक्रांत'. १९६१ मध्ये बेलफास्टला नौदलात आली, ७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. २००१ पासून संग्रहालय म्हणून लोकांना दाखवू लागले, पण बारा महिने तेरा काळ नव्हे. मुख्यतः नौदल सप्ताहाच्या आसपास. शाळांच्या रांगा लागायच्या. खाली हँगरमध्ये विमानं मांडलेली, पोरं विमानाच्या लिफ्टकडे मान वर करून बघत राहायची. कायमचं संग्रहालय चालवायला राज्य सरकारला कोणी जोडीदार मिळाला नाही. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून बंद. नंतर लिलाव झाला, साठ कोटींच्या आसपास. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, ऑगस्ट २०१४ मध्ये तिथेही निकाल विरुद्ध लागला आणि त्याच वर्षाअखेरीस दारूखान्यात गॅसकटर लागला.

काय वेगळं घडलं, हा प्रश्न मी आमच्या कामाच्या बाजूने बघतो. पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात नुसतं उभं केलं तरी झिजतं. गंज पाण्याच्या रेषेजवळ सगळ्यात जोरात धरतो. पत्रा किती उरलाय ते मोजत राहावं लागतं, ठरावीक काळाने सुक्या गोदीत घेऊन खालचं अंग खरवडून रंगवावं लागतं. 'विक्रांत' दोनशे मीटरहून लांब. एवढी गोदी मुंबईत मोजकी, आणि ती चालू लढाऊ जहाजांना लागते. निवृत्त जहाजाला गोदीचे दिवस कोण देणार? नौदलाने बरीच वर्षं ती आपल्या खर्चाने धरून ठेवली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तिची जागा कायमची ठरलीच नाही. मला वाटतं, तिला पाण्यातून बाहेर काढून खडकावर किंवा सिमेंटच्या पाळण्यात बसवली असती तर निम्मा प्रश्न सुटला असता. 'त्रिंकोमाली' निदान बंदिस्त गोदीत आहे, लाटा नाहीत, भरती-ओहोटीचा ताण नाही.

लायन गेटसमोर २०१६ मध्ये 'विक्रांत'च्या पोलादातून केलेलं स्मारक उभं केलं. तिथून जाताना मी थांबतो. पण ते शिल्प आहे. जहाजात माणूस आत शिरतो, त्याचं डोकं दाराला आपटतं, तेलाचा वास येतो. ते शिल्पात नाही.

टीसकाठ

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. जागेचा मुद्दा मला पूर्ण पटला. इथेही पहिला निर्णय जागेचा झाला.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने सांगतो. 'फूद्रॉयां' नावाने ती पोर्ट्स्मथला होती तेव्हा तिच्या शेजारी 'इंप्लॅकेबल' नावाचं जहाज असायचं. मूळचं फ्रेंच, ट्रफाल्गरच्या लढाईत फ्रान्सच्या बाजूने लढलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीला पैसे नाहीत असं ठरलं. २ डिसेंबर १९४९ ला ब्रिटनचा आणि फ्रान्सचा, दोन्ही झेंडे फडकवून ते समुद्रात बुडवलं. लोकांना ते इतकं लागलं की त्यातून जुनी जहाजं वाचवण्याची चळवळ उभी राहिली. ग्रिनिचचं 'कटी सार्क' हे शिडांचं जुनं मालवाहू जहाज वाचलं त्यामागे तो धक्का होता. पुढे स्थापन झालेल्या वर्ल्ड शिप ट्रस्टने 'इंप्लॅकेबल, पुन्हा कधी नाही' हेच आपलं घोषवाक्य केलं.

म्हणजे इंग्रजांनीही आधी गमावलंच. 'विक्रांत' गेली, आता आपल्याकडे त्यातून काय उभं राहतं याची मला उत्सुकता आहे.

वेंगुर्लेकर

उत्सुकता आम्हालाही होती, २०१८ मध्ये. 'विराट' ही दुसरी विमानवाहू नौका निवृत्त झाल्यावर निवतीच्या खडकांजवळ तिचं संग्रहालय करायचं ठरलं होतं. राज्य मंत्रिमंडळाने ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. हॉटेल, साहसी खेळ, प्रशिक्षण, सगळं त्यात होतं. पैसे लावणारा पुढे आला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'विराट' तोडण्यासाठी गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश ताफ्याचं मुख्य जहाज, मग तीस वर्षं आपल्या नौदलात. दोन देशांचा इतिहास एका जहाजात होता.

आता त्याच निवतीच्या खडकांजवळ 'गुलदार' येते आहे. निवृत्त झालेली ही नौका २०२५ मध्ये नौदलाने पर्यटन महामंडळाकडे सोपवली, ती समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करायची योजना आहे. प्रवाळ वाढला, मासे आले, डुबकी मारणाऱ्या पोरांना रोजगार मिळाला तर मी पहिला स्वागत करीन. पण ज्यांना पोहता येत नाही अशा माझ्या आईसारख्या माणसांनी जहाज कुठे बघायचं?

८५२ कोटी एकदम मागण्यापेक्षा, चार्ल्सटाउनकर म्हणतात तसं, जहाज एकाकडे आणि संग्रहालय दुसऱ्याकडे असं काही केलं असतं तर? इतक्या मोठ्या आकड्याला कोणीही बिचकतो.

अनघा_डंडी

स्कॉटलंडमधून हजेरी. आमच्या डंडीला 'एचएमएस युनिकॉर्न' आहे, 'त्रिंकोमाली'ची सख्खी बहीण. दोघी लेडा वर्गाच्या फ्रिगेट, म्हणजे एकाच नमुन्यावर बांधलेल्या, आणि त्या वर्गातल्या आता या दोनच उरल्या आहेत. 'युनिकॉर्न' १८२४ ची, चॅटमला बांधलेली.

तिची गोष्ट अगदी उलटी. तिच्यावर शिडांच्या डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत. बांधली, वर छप्पर घातलं आणि राखीव ठेवून दिली. ते छप्पर अजून आहे. फोटोत ती जहाजापेक्षा तरंगतं गोदाम वाटते, म्हणून बरेच पर्यटक बाहेरूनच परत जातात. आत गेलं की कळतं: पाऊस कधी आत आलाच नाही, त्यामुळे जवळजवळ सगळं लाकूड मूळचं. ज्यांना जहाज कसं बांधलं हे बघायचंय त्यांनी डंडीला यावं, ज्यांना ते पाण्यावर कसं दिसायचं हे बघायचंय त्यांनी हार्टलपूलला जावं.

एक प्रश्न: साग आणि ओक यांच्यात एवढा फरक पडतो का? पोर्ट्स्मथची 'व्हिक्टरी', नेल्सनचं ट्रफाल्गरचं जहाज, ओकची आहे, १९२२ पासून कोरड्या गोदीत असूनही तिची मोठी दुरुस्ती सध्या चालू आहे आणि ती दहा वर्षांहून जास्त चालेल म्हणतात.

सुतारपक्षी

ताई, पडतो. आमच्या घरात रत्नागिरीला होड्या बांधायचं काम आहे, मी लहानपणापासून लाकडात आहे.

सागात अंगचं तेल असतं. पाणी आत शिरू देत नाही, वाळवी आणि किडा सहसा लागत नाही, बुरशीही उशिरा धरते. दुसरं म्हणजे लोखंड. ओकमध्ये आम्लपणा असतो, त्यात ठोकलेला लोखंडी खिळा गंजतो आणि गंजलेल्या खिळ्याभोवतीचं लाकूडही काळं पडून मरतं. सागात खिळा टिकतो. जुन्या जहाजात हजारो खिळे आणि बोल्ट असतात, तेव्हा हा फरक शंभर वर्षांत किती होईल बघा. तिसरं, साग उन्हापावसात कमी फुगतो, कमी आकसतो, त्यामुळे फळ्यांचे सांधे उघडत नाहीत. सांध्यांत कापूस ठासून वरून राळ लावतो ती आमच्याकडे दरवर्षी नव्याने करावी लागते, लाकूड शांत असेल तर काम अर्ध्यावर येतं.

पण साग असला म्हणून आपोआप टिकत नाही. मुंबईत सागाची कितीतरी जहाजं बांधली गेली, त्यातलं हे एकच तरंगतंय. पावसाचं गोडं पाणी वरून आत मुरलं की सागही सडतो. खारं पाणी लाकूड राखतं, गोडं पाणी कुजवतं, हे आमचे आजोबा रोज सांगायचे. म्हणून डंडीचं छप्पर हा मला फार शहाणपणाचा उपाय वाटतो.

मृण्मयी_व्हँकूवर

इकडे ब्रिटिश कोलंबियात या जहाजाचं नाव नकाशावर आहे. गॅलियानो आणि सॉल्ट स्प्रिंग बेटांमधल्या पाण्याला त्रिंकोमाली चॅनल म्हणतात. जवळच हूस्टन पॅसेज आणि वॉलेस बेट आहे, दोन्ही नावं तिचा कप्तान वॉलेस हूस्टन याच्यावरून.

पण तिच्या पॅसिफिकच्या फेरीतली एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. १८५६ मध्ये गव्हर्नर जेम्स डग्लस या जहाजावरून चारशेच्या वर माणसं घेऊन कौइचन इथल्या मूळनिवासी लोकांवर चालून गेला. एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडल्याचा आरोप असलेला ताथ्लासुत नावाचा माणूस त्यांना हवा होता. त्याला पकडलं, तिथेच खटला चालवला आणि त्याच्याच लोकांसमोर फाशी दिलं. ज्याला गोळी लागली होती तो वाचला होता.

सागाची कारागिरी, चांदीचा खिळा, हे सगळं खरं आहे आणि सुंदर आहे. पण हे जहाज दुसऱ्यांच्या किनाऱ्यावर तोफा रोखून उभं राहण्यासाठीच बांधलं होतं. इतिहासवेडा यांनी खडकीची आठवण काढली, मला तो धागा इथवर येताना दिसतो. संग्रहालयांनी तोफ डागून दाखवावी, मुलांना मजा येते. पण ती तोफ कुणाकडे रोखलेली होती हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहावं.

टीसकाठ

मृण्मयी, सहमत आहे. आपण मुंबईचा आणि वाडियांचा अभिमान सांगतो तेव्हा हेही आपल्याच खात्यावर येतं. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पागोटं घातलेल्या माणसाचा पुतळा आहे. तो बघणाऱ्या दर पाहुण्याला मी आता मुंबईबरोबर कौइचनबद्दलही सांगेन.

समीर_कल्याण

चर्चा फक्त गमावल्याची चालली आहे म्हणून थोडं उरलेल्याबद्दल. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' पाणबुडी २००२ पासून संग्रहालय आहे. वाळूवर चढवून पक्की बसवली, आत एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. कारवारला टागोर किनाऱ्यावर 'चपल' ही क्षेपणास्त्र नौका आहे. कोकणातून गोकर्णला जाणारे बरेच जण तिथे थांबतात. दीवला 'खुकरी' आहे. आणि आमच्या कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ 'टी-८०' ही छोटी गस्तीनौका आणून ठेवली आहे. शिवाजी महाराजांनी जिथे आरमाराची सुरुवात केली तिथेच.

सगळ्यांत समान काय, तर लहान आकार आणि जमिनीवर बसवलेलं बूड. गोदीकाकांचं म्हणणं इथे खरं होताना दिसतं. विमानवाहू नौका दोनही गेल्या, या टिकल्या. म्हणून आपल्याकडे पुढचं जहाज निवृत्त होईल तेव्हा मागणी करताना पहिल्या दिवशी तीनच गोष्टी विचाराव्यात: जमीन कुठली, मालक कोण, दहाव्या वर्षी रंगाचे पैसे कोण देणार. पुतळा, हॉटेल, लेझर शो नंतर.

आमच्या 'टी-८०'साठी काही निवृत्त नौसैनिक आणि कॉलेजची मुलं मिळून माहिती सांगायला स्वयंसेवक जमवायचा प्रयत्न करतोय. ठाणे-कल्याण भागातल्या कोणाला रविवारी वेळ असेल तर कळवा.

गोदीतला_निवृत्त

समीर, मी डोंबिवलीला असतो. माझं नाव घाला. इंजिनाबद्दल आणि सुक्या गोदीत काय करतात त्याबद्दल पोरांना सांगू शकेन. गुडघे बरे नाहीत, पण बसून बोलता येईल.

समीर_कल्याण

काका, व्यनि केलाय. खुर्चीची व्यवस्था माझ्याकडे.

मीनल_लीड्स

टीसकाठ, आई-बाबा सप्टेंबरात येतायत, दोघंही सत्तरीच्या पुढे. जहाजात चढता येईल का? ट्रेनने आलं तर लांब पडतं का?

टीसकाठ

मीनल, ट्रेनने या, हार्टलपूल स्टेशनवरून धक्क्यापर्यंत चालत येता येतं. धक्का सपाट आहे, दुकानं आणि प्रदर्शनं आरामात होतात. वरचा डेक त्यांना जमेल असं वाटतं. खालच्या मजल्यांचे जिने उभे आहेत आणि तुळया इतक्या खाली की बाबा उंच असतील तर वाकूनच चालावं लागेल. तरी तोफांचा मजला चुकवू नका. सुमारे १५० फूट लांब आहे आणि मूळचा साग तिथे जवळून बघायला मिळतो. येण्याआधी संग्रहालयाला फोन करून कुठला भाग उघडा आहे ते विचारा, दुरुस्तीमुळे कधीकधी एखादा मजला बंद असतो. तारीख ठरली की व्यनि करा. शनिवार असेल तर मी येतो आणि बाबांना सोबत करतो.